लंकाबाईंनी ठेवलेली जळमटं

लंकाबाई पगारे यांच्याबद्दल देवळाली प्रवरेत कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास सांगतील. एक, बाई नको तितकी चौकस आहे. दोन, तिच्याइतकं स्वच्छ घर अख्ख्या वस्तीत नाही, एक दसरा सोडला तर. त्या एका दसऱ्याबद्दल मला सांगायचं आहे. त्यात थोडी मीही आहे आणि मी काही फार शोभून दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी, विजयमाला, १९९४ साली देवळालीजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले. एम.एस्सी. फर्स्ट क्लास. त्या फर्स्ट क्लासचा तोरा एवढा, की पहिले सहा महिने हजेरीपटावर सही करतानाही मी पुढे डिग्री लिहीत होते. कॉलेजच्या मागे अर्ध्या एकराची बाग होती आणि तिच्या एका कोपऱ्यात हिरवं कापड ताणून केलेलं शेड. बागेला माणसं दोन. थोरले माळी योहानकाका रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि उरलेले सहा दिवस लंकाबाईंवर वैतागायचे. दुसऱ्या स्वतः लंकाबाई.

लंकाबाई तेव्हा पस्तिशीच्या. माहेर पाथर्डीकडचं, नवरा पुंजाराम साखर कारखान्यात हंगामी कामाला, शाळा चौथीपर्यंत. पदर खोचलेला, हातात खराटा आणि तोंडात प्रश्न. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवून विचारलं, "म्याडम, बी उलटं पेरलं तरी मुळी खालीच जाती. तिला खाली कुठं हाय ते कोन सांगतं?" मी खुश झाले आणि उभ्या उभ्या अर्धा तास व्याख्यान झोडलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे ती कशी जाती ते झालं. तिला कळतं कसं, ते तुमी सांगितलंच न्हाई." योहानकाका मागून म्हणाले, "म्याडम, हिच्या नादी लागू नका. मी बावीस वर्षं माळीकाम केलं, पन ही आल्यापासून मला वाटाया लागलंय की मला काईच येत न्हाई."

शेडमध्ये सगळ्यात आतल्या बाजूला चार कुंड्या होत्या. त्यांत खरपुडीचे चार वेल. अकोले तालुक्यातल्या एका डोंगराच्या उतारावर ही खरपुडी व्हायची आणि आमच्या माहितीत दुसरीकडे कुठेच नाही. त्या उतारावरून रस्ता जाणार असं कळल्यावर माझ्या आधीच्या सरांनी अकरा कंद उकरून आणले. डोंगर गेला तरी झाड राहावं, एवढाच त्यांचा हिशेब. सर निवृत्त झाले आणि कंद माझ्याकडे आले. पण आमच्या पाटाच्या पाण्यात आणि काळ्या मातीत चार कंद कुजले, दोन उंदरांनी नेले, आणि एक प्रात्यक्षिकाला आलेल्या पोरांनी चव कशी लागते ते बघायला खाल्ला. खरपुडीचा कंद गोडसर लागतो, डोंगरातली पोरं खातातच. पण म्हणून जगातल्या शेवटच्या काही कंदांपैकी एक? त्या पोरांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

राहिले चार. ते दर भाद्रपदात फुलायचे. फूल असं, की नवखा माणूस ते फूल आहे हेच मानणार नाही. करंगळीएवढा कंदील. खाली फुगीर, वर नळी, आणि टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला बारीकसा पिंजरा. भरपूर फुलं यायची आणि गळून जायची. शेंग एकही नाही. कंद काही अमर नसतात. शेंग नाही म्हणजे बी नाही, बी नाही म्हणजे पुढची पिढी नाही. सगळी म्हातारी माणसं असलेल्या घरासारखी आमच्या शेडची गत होती, आणि १९९६च्या पावसाळ्यात त्या चारांतला एक कंदही मऊ पडायला लागला.

मी पुस्तकात वाचलं होतं, की या जातीच्या फुलांचं काम माश्या करतात. माशी नळीतून आत घसरते, आतले केस तिला वर येऊ देत नाहीत, दिवसभर ती कैदेत राहते आणि सुटते तेव्हा पराग घेऊन सुटते. हे मी लंकाबाईंना सांगितलं आणि स्वतः सुई घेऊन माशीचं काम करायला बसले. एकोणीस फुलं फाडली. लंकाबाई शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या. विसाव्याला हात घातला तेव्हा म्हणाल्या, "म्याडम, ऱ्हाऊ द्या. माशीला जमतं म्हंजे एम्मेस्सीला जमंलच असं न्हाई."

मग त्यांनी आपली तऱ्हा सुरू केली. माश्या पाहिजेत ना? दुसऱ्या दिवशी वाटीत सुकट आणून कुंड्यांमध्ये ठेवली. त्याने दोन मांजरं आली, मुंग्यांची रांग लागली, आणि फेरीला आलेले प्राचार्य नाकाला रुमाल लावून परत गेले. मग गूळ ठेवला, त्यावर गांधीलमाश्या आल्या आणि एक योहानकाकांना डसली. मग ताजं शेण. शेणावर माश्या आल्या खऱ्या, पण टपोऱ्या. लंकाबाईंनी एक माशी मारून फुलाच्या तोंडाशी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "हिला दारच पुरंना. म्हशीला मांजराच्या भोकातून काडायचं म्हनता तुमी." नंतर त्यांनी खाली गळलेली पंधरा-वीस फुलं नखाने उभी चिरली. प्रत्येक रिकामं. कुणी आत येऊनच गेलेलं नव्हतं.

"तिथं डोंगरावर शेंगा धरत्यात?" त्यांनी विचारलं.

"सरांच्या वहीत नोंद आहे. धरतात."

"मंग तिथं असं कोन हाय, जे हितं न्हाई?"

एवढा साधा प्रश्न. दोन वर्षं मी खत बदललं, माती बदलली, पाण्याची वेळ बदलली, पण हा प्रश्न मला पडला नाही. मला त्यांचा रागच आला, खरं सांगायचं तर.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही दोघी निघालो. संगमनेर, मग अकोले, मग पुढची खडखडणारी गाडी आणि शेवटचे दोन तास चालणं. उताराचा निम्मा भाग आधीच खरवडलेला होता. वरच्या एका कड्याशी, करवंदीच्या झुडपांत, तीन वेल सापडले. तिन्ही फुलांवर होते. एक फूल मी भिंगाखाली धरलं तर आत काळे ठिपके वळवळत होते, तिळाहूनही बारीक माश्या! मला इतका आनंद झाला की मी लगेच थर्मामीटर काढला. उष्णता मोजली, ओलावा मोजला, वाऱ्याची दिशा लिहिली, मातीचा नमुना घेतला. दोन पानं भरली. लंकाबाई झुडपासमोर मांडी घालून बसल्या त्या तीन तास हलल्या नाहीत. मधे एकदा मी भाकरी खायला हाक मारली, तर मागे न बघता हातानेच गप्प राहा म्हणाल्या.

परतीला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ही गोष्ट इतकी नवलाची होती, की उन्हाने त्यांना काही झालं की काय अशी मला धास्ती वाटली. संगमनेरच्या स्टँडवर चहा घेताना त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"म्याडम, ह्या शेंगा माझ्यामुळं धरंनात. माझ्याच हातानं झालंय हे."

हे कळायला लंकाबाईंची झाडलोट माहीत हवी. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरोघर पांघरुणांपासून डब्यांपर्यंत सगळं धुऊन निघतं. लंकाबाईंच्या बौद्ध वस्तीत घट बसत नाहीत, पण दसऱ्याला धम्मदीक्षेचा दिवस असतो आणि त्याची झाडलोट कुणाच्याही घटापेक्षा कडक. त्यांच्या सासूबाई भिमाबाई छप्पन साली नवऱ्याबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या होत्या. त्या दिवसापासून दर वर्षी भाद्रपद संपता संपता लांब बांबूला फडकं बांधून घराचं आढं न् आढं पुसायचं, कोपऱ्यात कोळ्याचा एक धागा ठेवायचा नाही, हा त्यांचा दंडक. सून तयार झाली ती या दंडकात. घर तशी बाग, असं मानून लंकाबाई तोच बांबू घेऊन कॉलेजात यायच्या आणि त्याच दिवसांत आमचं शेडही असं लख्ख करायच्या, की प्राचार्य पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणत. नेमके तेच दिवस खरपुडीच्या फुलांचे.

"झुडपात येलाच्या शेजारी कोळ्याची जाळी हुती," लंकाबाई सांगायला लागल्या. "एका कोळ्यानं मधमाशी धरली. त्यानं ती फोडली, तशा कुठनं कुनास ठाऊक, ह्याच बारक्या माश्या आल्या. त्याच्या तोंडातल्या घासाला चिकटून रस प्यायल्या. आयत्या जेवनाऱ्या! कोळ्याचं झालं की उठल्या नि फुलात शिरल्या. फुलालाबी तसलाच वास असनार. म्हंजे जाळं न्हाई तिथं कोळी न्हाई. कोळी न्हाई तिथं ह्या न्हाईत. मंग आपल्या फुलात जानार कोन? मी?"

मी म्हटलं, "अहो, कोळ्याचा आणि फुलाचा काय संबंध? असं कुठल्या पुस्तकात नाही."

"पुस्तकवाल्यानं शेड झाडलं नसंल," त्या म्हणाल्या आणि चहा पिऊन टाकला.

या गोष्टीचं शास्त्र मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या वेळी मी निदान एवढं केलं की आठ दिवस शेड झाडायचं नाही असं ठरवलं. फुलं अजून येत होती. चार दिवसांत कोपऱ्यांत जाळी दिसायला लागली. लंकाबाई सकाळी आल्या आल्या, लेकीची वेणी कशी झालीय ते बघावं, तशी ती जाळी बघायच्या. एरवी बागेत पानही पडू न देणारी ही बाई जाळ्याला धक्का लागला म्हणून योहानकाकांशी भांडली. काका म्हणाले, "देवा परमेश्वरा, आता हिनं कोळी पाळले." सहाव्या दिवशी त्यांनी मला ओढत नेऊन दाखवलं. जाळ्यात माशी होती आणि माशीवर दोन काळे ठिपके होते.

आणि सातव्या दिवशी निरोप आला, की कॉलेजची तपासणी करायला समिती येतेय, परवा सकाळी. प्राचार्यांनी बागेत फेरी मारली, शेडमध्ये डोकावले आणि मला बोलावून घेतलं. "मॅडम, हा काय भूतबंगला केलाय? उद्यापर्यंत साफ." मी म्हणू शकले असते, की सर, हा प्रयोग आहे. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी म्हटलं, "हो सर."

लंकाबाईंना सांगितलं तर त्यांनी बांबू माझ्या पायाशी ठेवला. "आज पत्तुर कुनी झाड म्हनलं म्हनून झाडलं न्हाई, माझ्या मनानं झाडलं, आता कुनी म्हनलं म्हनून झाडनार न्हाई. माझा खाडा मांडा." योहानकाकांकडे पाहिलं, तर ते एकदम गुलाबाच्या आळ्यात काहीतरी शोधायला लागले. शेवटी बांबू मीच उचलला. सगळी जाळी मी, माझ्या हाताने काढली. लंकाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या वेळी त्या एकही प्रश्न विचारत नव्हत्या आणि तेच मला सहन होईना.

समिती आली. शेडमध्ये चार मिनिटं थांबली, "छान, छान" म्हणाली आणि चहाला गेली.

संध्याकाळी लंकाबाई माझ्याकडे आल्या. "म्याडम, कुंड्या मला घरी न्हिऊ द्या. माझ्या पडवीत. फुलं अजून हायेत."

"पडवीत? दसरा पंधरा दिवसांवर आलाय. तुमच्याकडे आत्ता झाडलोट चालू असेल."

"तेच म्हनते. मी झाडनार न्हाई."

मी दोन कुंड्या दिल्या. चारही द्यायला हव्या होत्या, पण कुणी विचारलं तर काय सांगू, या भीतीने दोनच दिल्या. पुढे अहवालात या प्रकाराला मी 'तुलनात्मक प्रयोग' असं नाव दिलं. नाव छान आहे, पण मुळात ती माझी भित्री गणती होती.

वस्तीत काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सगळ्या घरांतून गोधड्या धुऊन वाळत पडल्या, भिंतींना चुना लागला, आणि पगाऱ्यांच्या पडवीत मात्र लंकाबाईंनी बागेतून डबीत घालून आणलेले सहा कोळी सोडले. भिमाबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आधी सुनेला वाटेल ते बोलून घेतलं, मग स्वतः बांबू घेऊन उठल्या.

लंकाबाई आडव्या आल्या. "आत्याबाई, एवढं एक साल. तुमच्या पाया पडते."

"छप्पन सालापासून ह्या घरात जळमट न्हाई," भिमाबाई म्हणाल्या. "लोकं आमाला घान म्हनायची, आन घानीची कामं आमालाच लावायची. मेलेलं ढोर आमीच वडायचं, नि वास आमच्या अंगाला येतो म्हनून आमालाच लांब बसवायचं. त्या दिशी मी तिथं मनात म्हनलं, आता माझ्या घराकडं बोट दाखवायची कुनाची हिंमत व्हायची न्हाई. चाळीस वर्षं कुनी दाखवलं न्हाई. तू दाखवायला लावनार?"

लंकाबाई नंतर मला म्हणाल्या, "आत्याबाईंचं खरंच हुतं, म्याडम. पन त्या येलाचंबी खरं हुतं. दोन्ही खरं असल्यावर मानसानं काय करायचं?" त्यांनी एवढंच केलं, की उरलेलं सगळं घर दुप्पट घासलं. भांड्यांत तोंड दिसावं, अंगणात भात सांडला तर उचलून खावा असं. फक्त पडवीचा तो कोपरा तसाच ठेवला. सासू-सुनेचं पाच दिवस बोलणं बंद.

सहाव्या दिवशी दुपारी लंकाबाई कामावरून आल्या, तर भिमाबाई चष्मा लावून कुंडीसमोर पाटावर बसलेल्या. सुनेला बघून त्या दचकल्या नाहीत, सरळ म्हणाल्या, "एक आत गेली. मी मोजतेय कवा भायेर येती ते." दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या पुन्हा पाटावर. "आली गं भायेर! पाठीवर कायतरी पिवळं घिऊन आली!" त्यानंतर तो पाट तिथून हलला नाही. चौकसपणा लागट असतो की लंकाबाई सासूवरच गेल्या होत्या, हे मला ठरवता आलेलं नाही.

दसऱ्याला मी वस्तीत गेले. मनातून धाकधूक होती. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, विहारात वंदना झालेली, घरोघर खीर. पगाऱ्यांच्या अंगणात पाहुण्यांची गर्दी आणि सगळ्यांचे डोळे वळून वळून पडवीच्या कोपऱ्याकडे. तिथे आढ्यापासून वेलापर्यंत जाळ्यांचा पडदाच लोंबत होता. शेजारच्या छबूबाई मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "काय गं लंके, औंदा बांबू मोडला काय?"

लंकाबाईंचा चेहरा उतरला. मी काहीतरी शास्त्रीय बोलायला तोंड उघडलं. पण भिमाबाई खिरीची वाटी हातात घेऊन पाटावरून उठल्या.

"छबू, घरात बाळंतीन हाय. विटाळ-बिटाळ आमी कवाच सोडला, पन बाळंतीन निजलेली असताना डोक्यावर फडकं झटकत्यात व्हय? ये हिकडं. लांबनं बघ, हात लावू नको."

छबूबाई वाकल्या. मीही वाकले. वेलाच्या एका पेरावर, गळलेल्या फुलाच्या जागी, दोन बारीक हिरवी शिंगं उभी होती. दाभणाएवढी. खरपुडीची शेंग अशीच येते, जोडीने. मी पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. खरी कधीच पाहिली नव्हती. मला रडू आलं आणि ते लपवायला मी खीर मागून घेतली. दुसऱ्या कुंडीतही एक जोडी होती. कॉलेजातल्या दोन कुंड्यांत काहीच नव्हतं आणि त्यांतला मऊ पडलेला कंद दिवाळीपर्यंत गेलाच.

त्या दिवसापासून पगाऱ्यांच्या पडवीला जत्रेचं रूप आलं. वस्तीतल्या बाया शेंग किती वाढली ते बघायला यायच्या आणि भिमाबाई प्रत्येकीला आधी पाय धुवायला लावायच्या. शेंग पिकली की आपोआप तडकते आणि सावरीच्या कापसासारख्या रेशमाला लटकून बिया उडून जातात, हे मी सांगितलं, तेव्हा लंकाबाईंनी जुन्या पातळाची दोन फडकी शिवून शेंगांना टोपड्यासारखी बांधली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेंगा तडकल्या. बिया निघाल्या एकतीस.

त्याच आठवड्यात मी एकटी अकोल्याला जाऊन आले होते. कड्यावरच्या तीन वेलांना शेंगा धरल्या असतील तर आणाव्यात, असा बेत होता. कडा नव्हता. जिथे लंकाबाई तीन तास बसल्या होत्या, तिथे लाल मातीचं कापलेलं भिंताड होतं आणि खाली रोलर फिरत होता. मी वर-खाली खूप शोधलं, चार दिवसांनी पुन्हा गेले, गुराख्यांना विचारलं. एकही वेल मिळाला नाही. माझ्या माहितीप्रमाणे आता ती खरपुडी म्हणजे आमच्याकडचे तीन कंद आणि लंकाबाईंच्या घरातल्या एकतीस बिया.

मी थेट त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. लंकाबाईंनी बिया ठेवलेली काडेपेटी फळीवरून काढून हातात घेतली. भिमाबाई आत गेल्या. मी पिशवीतून काचेची बाटली काढली, घट्ट बुचाची, आत ओल शोषायची पुडी घातलेली. "सगळ्या बिया यात घालते," मी म्हटलं. "प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवून कपाटासारखं कुलूप लावते. किल्ली माझ्याकडे. आता एक बीसुद्धा इकडेतिकडे होता कामा नये."

"सगळ्या एका ठिकानी?" लंकाबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! किती धोका आहे बघताय ना?"

त्यांनी बियांची काडेपेटी माझ्या हातात दिली नाही. मुठीत धरून ठेवली.

"म्याडम, भात्तर सालचा दुष्काळ. आमच्या गावात हिरीत चिखलबी न्हवता. आमी पाच भावंडं. आईनं पाच जनांना पाच घरी ठिवलं. मला आत्याकडं, थोरल्याला खडीच्या कामावर चुलत्याकडं, एकीला मावशीकडं नेवाशाला, धाकल्याला बिडाकडं, आन सगळ्यात बारकीला सोताजवळ. लोकं म्हनली, कशी आई हाय, लेकरं वाटून टाकली. मलाबी तसंच वाटलं. लई रडले मी, आत्याच्या दारात बसून." त्यांनी काडेपेटी दुसऱ्या मुठीत घेतली. "मावशीच्या घरात हगवन लागली, तिथली गेली. बारकी आईजवळच गेली. आमी तिघं ऱ्हायलो. एका घरात असतो तर एका हगवनीत समदे गेलो असतो."

मी बाटली पिशवीत ठेवली.

"कोन कुटं जायचं, ते आईनं कशावरनं ठरिवलं," लंकाबाई म्हणाल्या, "हे मी तिला कधी इचारलं न्हाई. ती मरंस्तवर न्हाई. बाकी समदं इचारलं."

मग आम्ही पडवीत बसून पाच कागद मांडले. एक कॉलेजच्या बागेला, एक योहानकाकांच्या अंगणाला, एक पगाऱ्यांच्या घराला, एक माझ्या माहेरी कोपरगावला, एक अकोल्याच्या डोंगरातल्या शाळेला. एकतीस बिया पाच ठिकाणी सारख्या जाईनात. चार कागदांवर सहा-सहा आल्या आणि एकावर सात. ती सातवी बी कुठल्या कागदावर ठेवायची, हे आम्हां दोघींना बराच वेळ ठरवता आलं नाही.